मुलांना हाताशी घेऊन रात्रीचा स्वयंपाक: आमच्या घरी जमलेली पद्धत, अगदी पहिल्यापासून

आमच्याकडे रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला आहे, चारपर्यंत घरी येतो, बायकोला यायला सव्वासात-साडेसात होतात आणि आईचे गुडघे दुखतात म्हणून तिला ओट्यापाशी फार वेळ उभं राहवत नाही. मोठा सात वर्षांचा, धाकटी साडेतीनची. वर्षभरापूर्वीपर्यंत मी दोघांना टीव्हीसमोर बसवून पाऊण तासात स्वयंपाक उरकायचो आणि मग पुढचा तासभर भरवण्यात जायचा, एक घास कार्टून बघत, एक घास रडत, भाजी तशीच ताटात. आता दोघं स्वयंपाकात असतात, आम्ही पाचही जण एकत्र बसतो आणि सगळ्यांसाठी एकच जेवण असतं. ओळखीत बरेच जण विचारतात की कसं जमवलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. मुलाला खरं काम द्यायचं. सुरुवातीला मी धाकटीला रिकामं पातेलं आणि डाव दिला होता, "तू इकडे भाजी कर" म्हणून. तिने दोन मिनिटं ढवळलं, मग उठली आणि ओट्यावरच्या कढईकडे बोट दाखवून म्हणाली, "ती." तिला कळलं होतं की तिच्या पातेल्यात काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तिला मेथीची जुडी दिली आणि सांगितलं की तू निवडून दिल्याशिवाय भाजी होणार नाही, तर ती वीस मिनिटं जागची हलली नाही. ज्या कामावाचून जेवण अडेल असं एक काम, लहान असेना का, पण खरं.

आधी वेळ ठरवा

साडेसहाला मुलं भुकेली आणि कंटाळलेली असतात, त्या वेळेला सुरुवात केली तर रडारडच होणार. आम्ही पावणेसहाला दोघांना काहीतरी खायला देतो, केळं, शेंगदाणा-गुळाचा लाडू किंवा वाटीभर चुरमुरे, पोट भरेल इतकं नाही पण धीर धरता येईल इतकं. सव्वासहाला हात धुवायचे, पावणेआठला पंगत. म्हणजे दीड तास. एकट्याने पाऊण तासात होतं त्याला मुलांबरोबर दुप्पट वेळ लागतो हे मनाशी पक्कं करून टाका, घाई असली की आपण त्यांच्या हातातून काम ओढून घेतो आणि तसं दोनदा झालं की मुलं परत येत नाहीत.

रोज करायचा हट्ट नको. आम्ही आठवड्यातून दोन दिवसांपासून सुरू केलं, मंगळवार आणि शनिवार. आता चार दिवस होतं. ज्या दिवशी मी दमलेलो असतो किंवा धाकटी दुपारी झोपलेली नसते त्या दिवशी मी एकटाच करतो आणि तसं सांगून टाकतो.

स्वयंपाकघर आधी मुलांजोगं करून घ्या

मुलांची जागा ओट्यावर नाही, खाली. आम्ही फरशीवर जुनी चादर घालतो, त्यावर परात, दोन ताटल्या, एक पाण्याचं पातेलं. धाकटीचं सगळं काम तिथेच. मोठा डायनिंगच्या खुर्चीवर बसून करतो. गॅसपासून तीन फुटांवर आम्ही फरशीवर रंगीत चिकटपट्टीची रेघ मारली आहे, गॅस चालू असताना त्या रेघेच्या आत मुलांनी यायचं नाही, कशासाठीही नाही. "लांब हो, लांब हो" असं शंभरदा ओरडण्यापेक्षा रेघ बरी पडते, दोन-चार दिवसांत धाकटीच आजीला सांगायला लागली की रेघ आहे.

बाकीची काळजी एका दमात सांगतो. कढई-तव्याचे दांडे आतल्या बाजूला वळवायचे. फोडणी देताना मुलं रेघेबाहेर, मोहरी तडतडून उडते ती थेट त्यांच्या चेहऱ्याच्या उंचीला येते. कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, डाळ-तांदूळ फेसाळून शिट्टीत अडकतात, आणि वाफ आपोआप गेल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. विळी घरात असेल तर मुलं असताना ती दुमडून वरच्या फळीवर, पायाखालची विळी आणि पळणारं मूल एका खोलीत नकोच. मिक्सरचं बटण फक्त मोठ्यांनी दाबायचं.

भाजलंच तर नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं, वीस म्हणजे घड्याळ लावून वीस. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ यातलं काहीही लावायचं नाही. फोड मोठा असेल, चेहऱ्यावर किंवा हाताच्या पंजावर भाजलं असेल तर लगेच डॉक्टर.

आणि हिरवी मिरची. आमच्या मोठ्याने एकदा मिरचीचे देठ काढले आणि त्याच हाताने डोळे चोळले, अर्धा तास घर डोक्यावर. तेव्हापासून मिरची मुलांच्या कामात नाहीच. चुकून हात लागला तर आधी हाताला तेल चोळा, मग साबण, नुसत्या पाण्याने तिखट जात नाही. डोळ्यात गेलं तर भरपूर गार पाणी मारत राहायचं.

कुणाला कुठलं काम

वयाप्रमाणे ठरवता येतं पण मुलाकडे बघूनही ठरवावं लागतं, काही पाच वर्षांची मुलं सुरी नीट धरतात आणि काही आठ वर्षांची नाही.

दोन ते साडेतीन-चार वर्षांच्या मुलांना निवडणं, धुणं आणि टाकणं ही कामं जमतात. मेथी-पालकाची पानं तोडणं, मटार सोलणं, तांदूळ पाण्यात हात घालून धुणं, मी मापून दिलेलं पातेल्यात ओतणं. तांदूळ धुताना पाणी पांढरं होतं, मग दुसऱ्यांदा कमी पांढरं, तिसऱ्यांदा जवळजवळ स्वच्छ, आमची धाकटी ते बघत बसते आणि "झालं" कधी म्हणायचं ते तीच ठरवते. थंडीत मटार आले की अर्धा किलो शेंगा सोलायला तिला पाऊण तास लागतो, त्यातले बरेच दाणे ती कच्चेच खाते, खाऊ द्या, भाजीच आहे ती. फक्त तोंडात दाणे घेऊन पळायचं नाही, बसून आणि चावून खायचे.

चार-पाचच्या पुढे कणकेचे गोळे करणं, छोट्या पोळपाटावर लाटणं, रवीने ताक घुसळणं, खलबत्त्यात लसूण-जिरं कुटणं. लसूण सोलणं हे फार चांगलं काम आहे पण पाकळ्या आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवून द्या, सालं आपसूक सुटतात, नाहीतर मुलं वैतागतात.

सहा-सातला माप घेणं, लिंबू पिळणं, किसणं, साध्या सुरीने काकडी-टोमॅटो चिरणं. सुरी शिकवताना पहिले आठ दिवस फक्त केळं आणि उकडलेला बटाटा. ज्या हाताने भाजी धरतो त्याची बोटं आत वळवायची, मांजराच्या पंजासारखी, म्हणजे पातं बोटाच्या पेराला लागून खाली जातं आणि टोकं मागे राहतात. गोल वस्तू आधी मोठ्यांनी अर्धी कापून द्यायची, सपाट बाजू खाली ठेवली की ती घरंगळत नाही. किसणीवर शेवटचा दीड इंच तुकडा किसायचा नाही, तो खायचा, हा नियम मुलांना लगेच पटतो.

फोडणी आणि पोळी भाजणं नऊ-दहा वर्षांच्या आधी नाही, आणि तेव्हाही आपण शेजारी उभं राहून.

एकच जेवण, तिखट वरून

मुलांसाठी वेगळं आणि मोठ्यांसाठी वेगळं केलं की सगळा हेतूच बुडतो. मुलगी आज भाजी निवडते आणि तिच्या ताटात दूध-भात येतो, मग तिने निवडलेली भाजी कुणासाठी? म्हणून भांड्यातलं सगळं सौम्य करायचं आणि तिखट ताटात घ्यायचं. नाशकात याला अडचण नाही, खिचडीवर लसणाची खमंग फोडणी ओतून घ्यायची खानदेशी पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. छोट्या कढल्यात तेल, जाड ठेचलेला लसूण, सुकी मिरची, लाल तिखट, झालं, वाटीत काढून आजीसमोर ठेवायची. वरण-बट्टी तर मुळातच सौम्य, शेवभाजीचा रस्सा आधी मुलांपुरता बाजूला काढून मग काळा मसाला घालायचा. ठेचा आणि लोणचं मोठ्यांच्या बाजूला. मीठही बेतानेच, मोठ्यांनासुद्धा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरतं, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा, लहानांना त्याहून कमी. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याचा वाटा मीठ घालायच्या आधी काढा.

बाजारातही न्या त्यांना. आम्ही शनिवारी गंगापूर रोडला आकाशवाणीजवळच्या भाजीबाजारात दोघांना घेऊन जातो, प्रत्येकाने एक भाजी निवडायची, मी नाही म्हणायचं नाही. एकदा धाकटीने नवलकोल उचलला, कारण तो चेंडूसारखा दिसत होता. आणला, किसून कोशिंबीर केली, तिने चाटून बघितला आणि ठेवून दिला, पण पुढच्या शनिवारी परत तोच उचलला आणि तेव्हा दोन घास खाल्ले. नवीन चव मुलाला ओळखीची व्हायला दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, आपण तिसऱ्या वेळेला "हिला आवडत नाही" म्हणून सोडून देतो.

एक पूर्ण संध्याकाळ: खिचडी, टोमॅटोचं सार, काकडीची कोशिंबीर

पहिल्यांदा करणार असाल तर हाच बेत करा. यात दोन्ही मुलांना काम आहे आणि काही बिघडलं तरी जेवण बिघडत नाही. पाच जणांचं प्रमाण देतोय.

सव्वासहा. हात धुवा, नखांसकट. मोठा वाटीने माप घेतो, दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ. आम्ही घोटी-इगतपुरीकडचा इंद्रायणी घेतो, खिचडी मऊ आणि चिकट होते, लहान मुलांना हाताने खायला सोपी जाते. वाटी शिगोशीग भरायची की सपाट हे त्याला एकदा दाखवा, पुढे चूक होत नाही. धाकटी धुते, तीनदा, पाणी पातेल्यातच, ते पाणी आम्ही कुंड्यांना घालतो. मग अर्धा तास भिजत.

साडेसहा. मी सहा टोमॅटो उकळत्या पाण्यात टाकतो, सालं तडकली की, म्हणजे सहा-सात मिनिटांत, काढून गार पाण्यात. तेवढ्या वेळात मंद आचेवर वाटीभर शेंगदाणे भाजून घेतो. दोन्ही गोष्टी पूर्ण गार होईपर्यंत मुलांकडे द्यायच्या नाहीत, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा.

पावणेसात. आता या संध्याकाळचा सगळ्यात चांगला भाग. धाकटी टोमॅटो सोलते. उकडलेल्या टोमॅटोचं साल चिमटीत धरलं की सरळ पदरासारखं निघून येतं आणि आतला टोमॅटो गुळगुळीत, लालबुंद हातात राहतो, तिला ते इतकं आवडतं की सहा संपले की ती "अजून" म्हणते. दोन-तीन फुटतात, रस कोपरापर्यंत येतो, चादर त्यासाठीच आहे. तिकडे मोठा शेंगदाणे सुती फडक्यात बांधून हाताने चोळतो आणि मग आजी त्याला घेऊन गॅलरीत जाते, सुपात दाणे, आणि ती त्याला पाखडायला शिकवते. आधी सूप नुसतंच वरखाली व्हायचं आणि दाणेही खाली पडायचे. मग आजीने त्याचे दोन्ही हात सुपाच्या कडांवर धरून झटका कसा द्यायचा ते दाखवलं, मनगटातून, सूप जरा पुढे कलतं ठेवून, आणि फोलपटं वाऱ्यावर निघून गेली आणि दाणे मागे राहिले. आई उभी राहू शकत नाही, स्टुलावर बसून शिकवते, आणि आता या कामाला तिच्याशिवाय चालत नाही. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाही असंच एक खरं काम ठेवा, नुसतं "बसा हो तुम्ही" नको.

इथे एक इशारा. अख्खे शेंगदाणे पाच वर्षांच्या आतल्या मुलांनी खायचे नाहीत, श्वासनलिकेत अडकतात. धाकटीला आम्ही कूट झाल्यावरच चव देतो. द्राक्षांचंही तेच. आपल्याकडे जानेवारीपासून एप्रिलपर्यंत घरात द्राक्षांच्या पेट्या असतात आणि मुलं येताजाता तोंडात टाकतात, पाच वर्षांच्या आतल्या मुलाला द्राक्ष उभं चार भागांत कापूनच द्या. आडवं अर्धं केलेलं चालत नाही, ते गोलच राहतं. सीझनमध्ये काकडीऐवजी अशा कापलेल्या द्राक्षांची दह्यातली कोशिंबीर करून बघा, आमच्याकडे ती सगळ्यात आधी संपते.

सात वाजता मी खिचडी कुकरला लावतो, फोडणीत जिरं, हिंग, हळद, जरासं आलं, साडेआठ वाट्या पाणी, चवीला मीठ, तीन शिट्ट्या आणि पाच मिनिटं बारीक गॅस. शिट्ट्या मोजायचं काम धाकटीचं, ती जोरात मोजते. दुसऱ्या गॅसवर सार. सोललेले टोमॅटो मिक्सरमधून काढून गाळून, दोन वाट्या पाणी, सुपारीएवढा गूळ, मीठ, आणि वरून तूप-जिरं-कढीपत्त्याची फोडणी. गूळ फोडून द्यायला मोठा. उकळी आली की बंद.

सव्वासात. मोठा काकडी किसतो. किसण्याआधी दोन्ही टोकांच्या चकत्या चाखून बघायच्या, एखादी कडू निघाली तर अख्खी कोशिंबीर जाते, ही चव बघायची जबाबदारी त्याची आहे आणि तो ती फार मनावर घेतो. किसाचं पाणी जरासं पिळून ते सारात टाका. कूट, लिंबू, चिमूटभर साखर. मीठ मात्र अगदी वाढायच्या वेळी, आधी घातलं तर पाणी सुटून कोशिंबीर वाहायला लागते. धाकटी हाताने कालवते.

त्याच सुमारास बायको येते. तिने आल्याआल्या ओट्याकडे वळायचं नाही, हात-पाय धुऊन बसायचं, हे आम्ही ठरवून घेतलंय, कारण ती मदतीला आली की मुलांचं काम तिच्याकडे जातं.

ताटं मांडणं आणि वाढणं

खाली पंगत घालतो. पाच ताटं, पाच वाट्या, पाच पेले, मोजून आणायचं काम धाकटीचं, स्टीलची भांडी असल्यामुळे फुटायची भीती नाही. कुठे काय वाढायचं ते आईने मोठ्याला शिकवलं, मीठ वर मधोमध, लिंबू-चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. आता कुणी उलटं वाढलं तर तो थांबवतो.

मुलांना कमी वाढा, दोन घासांएवढंच, परत मागायची संधी त्यांना राहू द्या. ताटात काय येणार ते आम्ही ठरवतो, किती खायचं ते त्यांनी ठरवायचं. "एवढं संपव मग गोड" असं म्हणत नाही, कारण त्याने भाजी ही शिक्षा होते आणि गोड हे बक्षीस. एखादी गोष्ट नको असेल तर ती ताटात तशीच राहिली तरी चालेल, शेवटी नाव ठेवायचं नाही एवढंच. दुसरं काही करून मिळत नाही, पण खिचडी किंवा भातासारखी एक ओळखीची गोष्ट बेतात नेहमी असतेच, त्यामुळे उपाशी कुणी उठत नाही. टीव्ही बंद, चौघांचे नाही तर पाचांचे डोळे ताटात आणि एकमेकांकडे. मोबाईल आम्ही दोघंही आतल्या खोलीत ठेवतो, हे आधी स्वतः करावं लागतं.

आणि कोशिंबीर कुणी केली, टोमॅटो कुणी सोलले, हे जेवताना नाव घेऊन सांगा. "वा, शाब्बास" इतकं पुरत नाही. "आज सालाचा एक तुकडा पण लागला नाही गं" असं आजी म्हणाली तेव्हा धाकटीने सारात बोट बुडवून स्वतः बघितलं आणि मग वाटीभर प्यायली. त्याआधी तिने टोमॅटोला कधी तोंड लावलेलं नव्हतं.

रविवारी भाकरी

दोन-तीन महिने गेले की हे घ्या. पेठ-सुरगाण्याकडची नागली, म्हणजे नाचणी, नाशकात सहज मिळते, तिच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, वाढत्या मुलांना चांगलंच. पण नागलीचं पीठ गरम पाण्यात भिजवावं लागतं म्हणून मळायचं आपण, कोमट झालं की गोळा मुलांकडे. परातीत पीठ पसरून बशीएवढी भाकरी थापायची, कडा चिरल्या तर चिरू द्या. उचलून तव्यावर टाकायचं काम आपलं. ज्याने थापली त्याच्याच ताटात ती भाकरी गेली पाहिजे, वाकडी असली तरी, उलट वाकडी असली तर नक्कीच.

आवराआवर

जेवण झालं की प्रत्येकाने आपलं ताट मोरीत न्यायचं. सालं, देठं ओल्या डब्यात, पिशव्या-कागद सुक्या डब्यात, सकाळी घंटागाडी आली की मोठा दोन्ही डबे घेऊन खाली जातो. फरशीवरची चादर गॅलरीत झटकायची. भांडी घासणं अजून मुलांकडे दिलेलं नाही, नऊला झोपायचं असतं.

शेवटचं काम मात्र धाकटीचं आहे आणि ते ती विसरू देत नाही. दुसऱ्या दिवशी किंवा परवा उसळ असेल तर वाटीभर मटकी ती पातेल्यात ओतते आणि बुडून वर चार बोटं राहील इतकं पाणी घालते, तिची बोटं. तेवढं पुरत नाही, म्हणून ती झोपली की मी गुपचूप अजून ओततो. सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधायची, उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत आपल्याकडे दीड दिवस लागतो, तेव्हा गाठोडं बंद डब्यात घालून उबदार जागी ठेवायचं. ती मधे चार वेळा फडकं सोडून बघते. बघू द्या, फक्त हात धुतलेले हवेत.